पिवळ्या झाकणाची नळी

१

माणसं खोटं बोलतात, नळी बोलत नाही, असं डॉक्टरबाई एकोणीस वर्षं सांगत आल्या होत्या. विद्यार्थ्यांना सांगितलं, एकदा कोर्टात साक्षीला जावं लागलं तेव्हा वकिलाला सांगितलं, आणि घरी नवऱ्याला भांडणात किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. बुधवारी सकाळी साडेदहाला नळी त्यांच्या तोंडावर खोटं बोलली.

नळी एका मुलीची होती. मुलगी चौदा महिन्यांची होऊन गेली, त्याला चार वर्षं झाली. जाण्याआधी तिच्या दंडातून चमचाभर रक्त काढलं होतं, त्या रक्तातून डीएनए काढला होता, आणि तो करंगळीच्या पेराएवढ्या नळीत भरून फ्रीझरमध्ये ठेवला होता. जगात तिचं उरलेलं एवढंच. आणि आता समोरच्या स्क्रीनवर यंत्र बेधडक सांगत होतं की नळीत पुरुष आहे.

"यंत्राचं डोकं फिरलं असेल," पीएचडी म्हणाला. हा लॅबमधला संशोधक विद्यार्थी. सहा वर्षं झाली तरी त्याची पीएचडी पुरी होत नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून ती पदवी त्याला टोपणनावात देऊन टाकली होती.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

"दोनदा लावलं मॅडम. दोन्ही वेळा पुरुष. मिशीवाला म्हणालात तरी चालेल, मुलीचा मागमूस नाही त्यात."

बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, एसी दुरुस्तीचा माणूस आलाय, आज काम करू दे का उद्या. "तुम्हीच बघा काय ते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. लॅबमध्ये कोणी काही विचारायला गेलं की निम्म्या वेळा हेच उत्तर मिळायचं, आणि कोणाला त्याचा रागही नव्हता. बाई कामात बुडालेल्या असतात आणि आपल्यावर विश्वास टाकतात, असंच सगळे धरून चालायचे.

नळीचं हे खोटं एरवी पचलं असतं. पण त्या मुलीची आई पुन्हा गरोदर होती आणि पंधरावा आठवडा चालू होता.

आजार असा, की मूल गुटगुटीत जन्मतं, हसतं, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून त्याचे स्नायू सैल पडत जातात. मान धरत नाही, मग गिळता येत नाही, मग श्वास घेता येत नाही. औषध नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. बापाचा बिघाड तेव्हाच सापडला होता. आईचा काही केल्या सापडत नव्हता, कारण तो जनुकाच्या अशा कोपऱ्यात दडला होता जिथे यंत्राची नजर पोचत नाही. पोटातल्या बाळाची तपासणी झाली होती, आणि बापाची बिघडलेली प्रत त्याच्याकडे आली होती. आईच्या दोन प्रतींपैकी पहिली आली होती. आता आईची पहिली प्रत बिघडलेली की दुसरी, एवढाच प्रश्न होता. मुलगी होती तेव्हा तिच्याकडे कोणती प्रत आली हे तपासलं नव्हतं, म्हणून उत्तर आता एकाच ठिकाणी होतं, तिच्या नळीत. गेलेल्या मुलीला जी मिळाली होती ती बिघडलेली. तिला पहिली मिळाली असेल तर हे बाळही तिच्याच वाटेने जाणार, दुसरी मिळाली असेल तर ठणठणीत राहणार. सोमवारी दहा वाजता नवरा-बायको हे ऐकायला येणार होते. गर्भ ठेवायचा की नाही हे त्यावर ठरणार होतं, आणि तो निर्णय फार लांबवता येणार नव्हता.

बाईंनी स्वतः फ्रीझरमधला डबा काढून पाहिला. एका घराच्या तीन नळ्या एका ओळीत उभ्या होत्या. बापाची आणि आईची निळ्या झाकणाची, मुलीची पिवळ्या. नंबर तिन्हींवर बरोबर. आईची काठोकाठ, मुलीची काठोकाठ, बापाची अर्धी. सगळं जिथल्या तिथे होतं.

बाईंनी डबा परत ठेवला.

२

फ्रीझरच्या किल्ल्या ज्यांच्या गळ्यात असायच्या त्यांना सगळे चावीताई म्हणत. चावीताईंचा स्वभाव दाराच्या बिजागरीसारखा होता, तेल मिळेपर्यंत कुरकुर.

"माझ्या वहीशिवाय फ्रीझरचं दार हलत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "चोरी झाली म्हणत असाल तर वही बघा आणि मग माझ्याकडे बघा."

"चोरी म्हणाले का मी?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

बाईंनी वही उघडली. मुलीच्या नळीपुढे नोंदीच नोंदी होत्या, पानंच्या पानं. याचं बाईंना नवल नव्हतं, कारण तो त्यांचाच निर्णय होता. लॅबमध्ये रोज नवजात बाळांची सॅम्पल येतात, त्यांची बॅच लावताना ज्यात बिघाड आहे हे आधीच ठाऊक आहे असं एक सॅम्पल बरोबर लावायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. फोटोत कंट्रोलच्या बिघाडाची पट्टी उजळली की समजायचं, यंत्र आज शुद्धीवर आहे, बाकीच्यांचे निकाल खरे धरा. या आजारात तिच्या बापाकडे होता तो बिघाड बऱ्याच घरांत सापडतो, म्हणून त्यासाठी ही मुलगी कंट्रोल ठरली. आईबापांनी तशी सहीही दिली होती. पुढे तर लॅबमध्ये कोणी कंट्रोल हा शब्दही वापरेना. "मुलगी लावली का?" एवढंच विचारायचे.

"नळी कोण कोण काढायचं?" बाईंनी विचारलं.

"काका. रोज काका. दोनदा या पीएचडीने काढली, संशोधनाला दोन थेंब हवे होते म्हणाला. तुमची चिठ्ठी होती. बाहेरचा एक माणूस या दारातून आत गेला असेल तर मी किल्ल्या ठेवून घरी जाते."

पीएचडीला विचारलं तर त्याने मान खाली घातली. दोन थेंब घेतले होते ते वापरून संपले होते, प्रयोगही फसला होता. "मॅडम, मला माहीत असतं तर मी ते जिवापाड जपले असते," तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं, कारण एवढं बोलताना त्याला विनोद सुचला नाही.

बाई वही मिटायला लागल्या आणि थांबल्या. त्यांनी नोंदी मोजल्या. चारशेच्या वर होत्या. प्रत्येक वेळी नळीतून एक थेंब गेलेला.

"चावीताई," त्या म्हणाल्या, "चारशे वेळा उघडलेली नळी काठोकाठ भरलेली कशी असेल?"

चावीताईंची कुरकुर पहिल्यांदाच बंद पडली.

३

काका म्हणजे लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन. बाई शिकाऊ होत्या तेव्हा थेंब मोजून घ्यायचं पिपेट कसं धरायचं ते त्यांना काकांनीच दाखवलं होतं. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. काटकसरी असे, की लेबलच्या कागदाचे उरलेले तुकडेसुद्धा पाकिटात घालून ठेवायचे. त्यांच्या हातून आजवर एकही सॅम्पल फुकट गेलं नाही, असं सगळे सांगायचे, आणि ते खरंच होतं.

"काका, मुलीच्या नळीत मुलगी नाही."

काका टेबल पुसत होते. पुसलेलीच जागा त्यांनी पुन्हा पुसली. "नंबर बघितलात का?"

"नंबर तिचाच आहे."

"मग नळी तिचीच आहे मॅडम. नंबर सोडून आपल्या हातात दुसरं काय असतं?" एवढं बोलून ते फडकं धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए नोंदवून ठेवलेला असतो. कोणाची शिंक, कोणाचा घाम सॅम्पलमध्ये पडला तर ओळखता यावं म्हणून. बाईंनी नळीतला पुरुष या सगळ्यांशी ताडून पाहिला. काका नव्हते. पीएचडी नव्हता. संस्थेचे साहेब नव्हते, वॉचमन नव्हता, एसीवाला सोडून या मजल्यावर पाऊल ठेवणाऱ्या एकाही पुरुषाशी तो जुळला नाही. बाईंना क्षणभर वाईटच वाटलं. कोणाचा तरी घाम निघाला असता तर निदान त्याखाली मुलगी सापडण्याची आशा होती.

मग त्यांनी ते केलं जे सकाळीच करायला हवं होतं. नळीतला पुरुष गेल्या पाच वर्षांत आलेल्या सगळ्या पेशंटांशी ताडायला लावला आणि चहा प्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा स्क्रीनवर एकच नंबर होता, मुलीच्याच डब्यातला, मुलीच्याच ओळीतला.

नळीतला पुरुष मुलीचा बाप होता.

४

बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. गुरुवारी दुपारी बाईंनी त्याला एकट्याला बोलावलं. तो कामावरून तसाच आला होता, नखांत काळं ग्रीस, आणि खुर्चीला डाग लागेल म्हणून अर्धवटच टेकून बसला.

बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आजारी पोराला टोचताना आईबापांचा जीव तुटतो. कोण जाणे, बापाने तेव्हा लेकीऐवजी आपलंच रक्त पुढे केलं असेल. तसं असेल तर ही नळी कधी मुलीची नव्हतीच.

"साडेचार वर्षांपूर्वी तुमच्या मुलीचं रक्त घेतलं, तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"मीच धरली होती तिला." त्याने ग्रीस लागलेली नखं मुठीत झाकली. "खरं सांगू डॉक्टर? मी म्हणालो होतो, माझं काय हवं तेवढं घ्या, तिला सोडा. त्यांनी माझंही घेतलं आणि तिचंही. पण ते जे काका आहेत ना तुमचे, देवमाणूस. शीर सापडत नव्हती पोरीची. त्यांनी एकदाच टोचलं. जेमतेम चमचाभर आलं. मी म्हटलं आता परत टोचणार, तर म्हणाले, नाही, पुन्हा नाही टोचायचं, आलंय तेवढ्यात भागवतो मी."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, मुलीचं घरी काही राहिलंय का. एखादा दात, नाळेचा वाळलेला तुकडा, रक्त लागलेला कपडा. दात पडायचं वयच झालं नव्हतं. नाळ ठेवली नव्हती. स्नायूचा तुकडा काढायचं डॉक्टरांनीच टाळलं होतं, पोरीला आणखी त्रास नको म्हणून. कपडे सगळे देऊन टाकले होते, कपाट उघडलं की बघवायचं नाही.

"एक टोपी आहे," बाप म्हणाला. "लोकरीची. ती हिने दिली नाही कोणाला."

"ती मला हवी."

"डॉक्टर, काही झालंय का?"

बाई म्हणाल्या, सोमवारी बोलू. आपला आवाज त्यांना स्वतःलाच आवडला नाही.

टोपी शुक्रवारी आली. बाईंनी तिचा आतला काठ कापून, धुऊन, पिळून, हाताशी होत्या त्या सगळ्या युक्त्या करून त्यातून डीएनए काढला. शनिवारी सकाळी निकाल आला. टोपीत मुलगी नव्हती. टोपीत आई होती, नुसती आई. चार वर्षं ती टोपी उशाशी घेऊन झोपत होती, आणि तिच्या गालाने, तिच्या हातांनी लेकीचा कण न् कण पुसून टाकला होता.

बाई कितीतरी वेळ तो निकाल बघत बसल्या. मग टोपीचे तुकडे गोळा करून त्यांनी पाकिटात भरले.

५

चोर सापडत नसेल तर चोरीची वेळ शोधावी. काही कधी सापडेनासं झालं की बाईंचे वडील म्हणायचे, वस्तू हरवत नाही, आपण तिच्याकडे बघायचं थांबवतो तो दिवस हरवतो.

काका जुन्या वळणाचे. प्रत्येक बॅचचा फोटो कॉम्प्युटरवर असताना ते कंट्रोलच्या पट्टीची छापील प्रत काढून फाईलमध्ये डकवायचे. बाईंनी सगळ्या फायली आणल्या आणि लांब टेबलावर पहिल्या बॅचपासून पट्ट्या ओळीने मांडल्या. चावीताई, सुट्टीचा अर्धा दिवस असून, कुरकुर न करता मदतीला आल्या.

पहिल्या वर्षाच्या पट्ट्या ठळक होत्या. दुसऱ्या वर्षी जरा कमी. तिसऱ्या वर्षी फिकट, मग आणखी फिकट.

"पाणी घातलंय," बाई म्हणाल्या. "संपत आलं तसं पाणी घालून वाढवलंय."

"पाहुणे वाढले की आमटीत घालतात तसं," चावीताई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी ओठ चावला.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत पट्टी एवढी पुसट झाली होती की डोळे ताणून बघावं लागत होतं. आणि मार्चच्या अकरा तारखेला ती एकाएकी ठळक झाली. पहिल्या दिवसापेक्षाही ठळक. तिथून आजपर्यंत एकसारखी.

बाप सुटला. त्याने लेकीऐवजी रक्त दिलं असतं तर पट्ट्या पहिल्यापासून एकाच नळीच्या असत्या, मध्येच अशा उजळल्या नसत्या. नळी बदलली ती अकरा मार्चला, या खोलीत.

बाईंनी डबा पुन्हा मागवला, आणि या वेळी त्यांनी बुधवारी जे बघूनही पाहिलं नव्हतं ते पाहिलं. साडेचार वर्षांपूर्वी लॅबमध्ये निळ्या झाकणाच्याच नळ्या यायच्या. पिवळी झाकणं गेल्या वर्षी आली. मुलीच्या नळीचं लेबल जुनं होतं, शाई उडालेली, पण त्याच्या एका कोपऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता. जुन्या नळीवरून लेबल सोडवून नव्या नळीवर लावलं की कोपरा उचलला जातो, तो दाबायला लावतात तसा. आणि बापाची नळी अर्धी होती. बापाची तपासणी आयुष्यात एकदाच झालेली, त्याची नळी आईच्या नळीएवढीच भरलेली असायला हवी होती.

बापातलं अर्धं थोडं थोडं करून पिवळ्या नळीत आलं होतं आणि वर काठापर्यंत पाणी; बापाचा डीएनए दाट होता, म्हणून पट्टी तरीही ठळक राहिली. बापातही तोच बिघाड, एका प्रतीत, मुलीत होता तसाच. कंट्रोलची पट्टी दोघांचीही सारखीच उजळते. यंत्राला फरक कळणार नाही, आणि यंत्रावर विसंबणाऱ्यांना तर नाहीच नाही.

अकरा मार्चच्या बॅचखाली सही होती. वळणदार, जुन्या पद्धतीची, ज्या हाताने बाईंना पिपेट धरायला शिकवलं त्याच हाताची.

६

काका रविवारी आले. बाईंनी फोन केला नव्हता. टेबलावर मांडलेल्या पट्ट्या बघून ते बाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

"बुधवारीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "जीभ रेटली नाही."

"जुनी नळी कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकली मॅडम. जाळायच्या कचऱ्यात, तेव्हाच. तळाशी काही नव्हतं हो. मी उलटी करून, ठोकून, फिरवून बघितली. शेवटचे सहा महिने पाण्यावरच चालली होती ती."

"दुसरं कंट्रोल का नाही मागितलंत?"

"कंट्रोलचा नंबर बदलायचा म्हणजे समितीची मंजुरी. समिती म्हणजे तीन महिने. आणि कंट्रोलशिवाय बॅच लावायची नाही, काय वाटेल ते झालं तरी, हा तुमचा नियम. भिंतीवर लावलाय तो बघा. त्या दिवशी बारा बाळांची सॅम्पल आली होती. त्यातल्या एकाची मान धरत नव्हती, त्याचा बाप खाली बाकावर बसून होता." काकांनी चष्मा काढून हातात धरला. "बिघाड तोच, घर तेच, म्हटलं बापाने लेकीचं काम केलं तर काय बिघडलं. नळी नवी घेतली, जुन्यातली घाण नको म्हणून. निकाल एकही चुकला नाही मॅडम. तुम्ही तपासा."

बाईंनी तपासलं होतं. एकही चुकला नव्हता.

"ही बाई परत गरोदर राहील, तिला ही पोर लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही," काका म्हणाले. "ते तुमच्या खोलीतलं काम. आम्ही नंबर बघतो."

"मग मला विचारायचं होतं, काका."

काकांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं, असं बाईंना नंतर कितीदा तरी वाटलं.

"विचारलं होतं. दहा मार्चला. तुम्ही कॉन्फरन्सला निघाला होता, बॅग हातात होती, खाली टॅक्सी थांबली होती. मी दारात आलो, म्हटलं, मॅडम, मुलगी संपत आली, काय करू? तुम्ही जिन्यावरूनच म्हणालात..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. गरज नव्हती. बाईंना जिना आठवला, बॅगेचं तुटकं चाक आठवलं, टॅक्सीवाल्याचा हॉर्न आठवला. काकांचा प्रश्न मात्र आठवला नाही. आपलं उत्तर काय असणार ते त्यांना ठाऊक होतं. ते कोणत्याही प्रश्नाला तेच असायचं.

चार दिवस त्या नळी चोरणाऱ्याला शोधत होत्या. त्यांनी वही चाळली, माणसं ताडून पाहिली, एका बापाला संशयाने घामाघूम केलं, एका आईची टोपी कापली. आणि चोरी त्यांनी स्वतःच जिन्यावरून उतरता उतरता करवून घेतली होती.

"आता काही मार्ग?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मी येऊ का उद्या? मीच सांगतो त्यांना."

"नाही काका. मी सांगेन."

काका उठले, सवयीने टेबलावरच्या पट्ट्या तारखेप्रमाणे गोळा केल्या, कडा जुळवल्या, आणि फाईलमध्ये ठेवून दिल्या.

७

येऊ नका म्हटलं तरी सोमवारी काका बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. नवरा-बायको पावणेदहालाच आले. बापाने काकांना ओळखलं.

"अगं, हेच ते," तो बायकोला म्हणाला. "एकदाच टोचलं होतं बघ यांनी." आणि त्याने काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. काकांनी तो काढून घेतला नाही, त्यांना ते जमलंच नाही.

आत बाईंनी काही लपवलं नाही. नळी, पाणी, पिवळं झाकण, बापाचं रक्त, जिना, टॅक्सी, आणि आपलं वाक्यही, शब्द न् शब्द. सांगताना त्या आईकडे बघत होत्या, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. आई शाळेत गणित शिकवायची. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"आणि टोपी?" तिने शेवटी विचारलं.

"टोपीत तुम्ही होता."

आईने मान हलवली, जणू हे तिला माहीतच होतं. मग म्हणाली, "किती जणांना लागली ती?"

"तीनशे अकरा बॅच. बाळं म्हणाल तर दोन हजारांच्या आसपास."

"दोन हजार," बाप म्हणाला. "लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या आमच्या पोरीने." तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावरच अडकलं. तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. बाईंना वाटलं, आता ओरडेल, खुर्ची फेकेल, केस करीन म्हणेल. बाई त्याची वाटच बघत होत्या. तो नुसता खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिला, ती सैल होती, तिचा स्क्रू नखाने आवळत राहिला.

"म्हणजे दोनात एक," आई म्हणाली.

"हो. दोनात एक."

"आणि याहून जास्त तुम्हाला कधीच कळणार नाही. बाळ होईपर्यंत."

"बाळ चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत."

आईने पोटावर हात ठेवला, आणि काहीतरी आठवल्यासारखा लगेच काढून घेतला. "तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?"

या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. बाईंच्या धंद्यातला तो पहिला धडा होता. माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही, आपलं पारडं टाकायचं नाही, कारण जन्मभर निभावायचं त्यांना असतं. एकोणीस वर्षांत बाईंनी हजार घरांना हे सांगितलं होतं, मनापासून, आणि ते बरोबरही होतं. आजही तेच बरोबर होतं. दुसरं बरोबर असं काही नव्हतंच.

"मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "निर्णय तुमचाच असतो."

खिडकीपाशी बापाने स्क्रूवरचं नख थांबवलं.

"म्हणजे," आई म्हणाली, आवाज न चढवता, वर्गात उत्तर तपासून घ्यावं तशी, "आम्हीच बघायचं काय ते."

बाईंनी मान हलवली.